तासून काढलेलं नाव

१

पारखीबाई जुन्या सामानाच्या दुकानात शिरल्या त्या दिव्याच्या एका काचेसाठी, आणि बाहेर पडल्या त्या डोक्याला भुंगा लावून.

पारखीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहरात हाताने केलेल्या वस्तूंचं एक दालन होतं, आणि दरवर्षी तिथे मोठं प्रदर्शन भरायचं. गल्लीबोळ पालथे घालून त्यासाठी चांगल्या वस्तू हुडकून आणायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. म्हणून त्या पारखीबाई. त्यांचे नियम दोनच. वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि करणाऱ्याचं नाव ठाऊक नसेल, तर ती दालनात ठेवायची नाही.

"काच आहे, पण कुठे आहे ते देवाला ठाऊक," दुकानदार म्हणाला. त्याला सगळे भंगारशेठ म्हणत आणि त्यालाही ते आवडे. "तुम्ही बसा बाई, मी बघतो." त्याने स्वतःच्या बुडाखालचं स्टूल पुढे सरकवलं आणि तो ढिगाऱ्यात गडप झाला.

बाई बसल्या. दहा मिनिटांनी काच मिळाली, बाई उठल्या, आणि उठल्याजागी थबकल्या.

गेली चार-पाच वर्षं कुठूनही उठताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघाल्याशिवाय राहिलं नव्हतं. गुडघ्यांचा तो करच होता. आणि आत्ता त्या चक्क उठल्या होत्या. मुकाट्याने.

त्या पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग वाकून स्टूल न्याहाळू लागल्या. वेताची विणलेली बैठक, बैठकीच्या दोन्ही बाजूंना वर आलेली एकेक लाकडी मूठ. उठताना हात आपसूक त्या मुठींवर जात होते आणि शरीराचा भार गुडघ्यांऐवजी हातांवर येत होता. डावी मूठ उजवीपेक्षा दोन बोटं खाली होती. कुठे खिळा नाही, स्क्रू नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"काय की. पण ते विकायचं नाही हां! चार वर्षं मी त्याच्यावर बसतोय."

बाईंनी स्टूल उलटं केलं. चारही पायांना जोडणारी एक रुंद फळी खाली होती. करणारा नाव घालतो ते अशाच जागी. पण तिथे नाव नव्हतं. नावाच्या जागी वीतभर लांब, उथळ खळगा होता. कुणीतरी रंधा मारून नाव तासून काढलं होतं.

बाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांच्या लेखी वस्तूवरचं नाव पुसणं म्हणजे माणसाचं तोंड दाबणं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि खळग्याला उजेड तिरपा पडेल असं स्टूल धरलं.

रंधा सलग चालला की लाकूड आरशासारखं होतं. इथे चार-चार बोटांचे तुकडे होते, एकाला एक लागून, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. वरून तेलाचा हात दिलेला होता, पण बोट फिरवल्यावर ते चिकट लागलं. आणि त्या तेलाखाली पेन्सिलीच्या दोन फिकट समांतर रेघा दिसत होत्या. त्यांच्या बरोबर मधोमध वाटाण्याएवढं एक वर्तुळ.

बाईंनी दालनाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. "यंदाची सगळ्यात चांगली वस्तू सापडलीय मला. एक स्टूल आहे. दोन मुठी, डावी जरा खाली..."

"मग नवीन काय बाई?" पलीकडून व्यवस्थापक म्हणाले. "ते आपल्या यादीत आहेच की. शोरूमवाल्यांनी गेल्या आठवड्यात दिलं. स्वतःचं डिझाइन म्हणून. शुक्रवारी पुस्तिका छापायला जातेय."

तो मंगळवार होता.

२

"शोरूमवाले?" भंगारशेठने कपाळावर हात मारला. "म्हणजे त्यासाठी नेलं होतं होय! दोन महिन्यांपूर्वी आले, म्हणाले आठ दिवस बसायला द्या, कंबर दुखतेय. आठ दिवस मी उभा! आणि परत आणून दिलं ते कसं, तर 'फारच जुनाट आहे बुवा' असं म्हणून."

"आणि तुमच्याकडे कुठून आलं?"

"एक घर रिकामं केलं होतं चार वर्षांपूर्वी. एकटी म्हातारी राहायची, ती गेली. मुलं होती, पण एकमेकांकडे बघत नव्हती. मी सामान उचलत होतो तेव्हा एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. स्टूल कोण घेणार म्हणून विचारलं, तर दोघांनी माना फिरवल्या."

"घर कुठलं? नाव काय?"

"नावं लक्षात राहिली असती तर मी भंगार विकलं असतं का बाई?" भंगारशेठ हसला, आणि मग एकदम चुटकी वाजवली. "थांबा. त्याच घरातली एक लाकडी पेटी होती. पेटी गेली, झाकण राहिलं."

झाकण म्हणजे त्याच्या भिंतीवरचं फडताळ झालं होतं. त्यावरच्या चिमण्या-दिवे खाली उतरवले, धूळ पुसली, तेव्हा कोरीव अक्षरं दिसली. एका सुतारकामाच्या कार्यशाळेचं नाव होतं. दोन शब्द, एकाच ओळीत, एकसारख्या उंचीचे. दोन्ही शब्दांच्या मध्ये कोरलेलं एक छोटं वर्तुळ. अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा अजून पुसलेल्या नव्हत्या.

बाईंनी झाकणाकडे पाहिलं, मग स्टुलाच्या पोटाकडे.

"शेठ, हे स्टूल मला शुक्रवारपर्यंत हवं."

"आणि मी काय परत उभा राहू?"

"शुक्रवारी तुम्हाला पहिल्या रांगेत बसवते."

३

शोरूम म्हणजे नुसती काच आणि उजेड. मधोमध एका चौथऱ्यावर ते स्टूल होतं. तेच, पण नवंकोरं, चकचकीत, आणि फळीवर पितळी पट्टीत मालकाचं नाव. शोरूमवाले गृहस्थ बोलायला मधाळ. त्यांनी बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली.

"वर्षभर विचार केला बाई या स्टुलाचा. जेवताना, झोपताना, डोक्यात दुसरं काही नाही."

"डावी मूठ खाली का?"

ते क्षणभर अडखळले, मग हसले. "तीच तर गंमत! दोन्ही बाजू सारख्या असल्या की डोळा कंटाळतो. जरासं वाकडं असलं की वस्तूत जीव येतो."

बाईंनी पिशवीतून जुन्या स्टुलाचा फोटो काढून समोर ठेवला. शोरूमवाल्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"अरे वा, सापडला का! माझाच पहिला नमुना आहे हा. गोदामातून चोरीला गेला होता. चोरानेच नाव तासलं असणार. काय काळ आलाय बघा."

"चार वर्षं हा भंगारशेठकडे आहे, म्हणजे त्याआधी चोरीला गेला? आणि विचार वर्षभर केलात?"

"तसं... सुरुवात आधीचीच. वर्षं कोण मोजतं?"

बाई उठल्या. उठताना "आई गं" म्हणाल्या, कारण शोरूमवाल्यांनी ओढलेली खुर्ची दिसायला राजेशाही होती आणि उठायला विहीर. जाताना त्यांनी चौथऱ्यावरच्या स्टुलावर हाताने जरा भार दिला. डाव्या मुठीतून बारीकसा 'कुई' आवाज आला.

रस्त्यावर येऊन त्यांनी विचार केला. हा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. भंगारशेठचा शब्द एकीकडे, शोरूमवाल्यांचा दुसरीकडे. लोक कुणाचं ऐकतील हे सांगायला ज्योतिषी नको. खऱ्या माणसाला उभं केल्याशिवाय काही खरं नव्हतं. आणि त्या खऱ्या माणसाचं नाव कुणीतरी आधीच तासून ठेवलं होतं.

४

झाकणावरची कार्यशाळा अजून चालू होती. दारावर तेच नाव, आत भुश्याचा वास. कामावर एकटाच माणूस होता, पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. भुवयांतसुद्धा भुसा. बाई ओळख करून देत होत्या तोवर तो हातातलं काम करतच होता. त्यांनी स्टूल कामाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मात्र करवत थांबली.

त्याचा हात खाली न बघता थेट त्या फळीखाली गेला, खळग्याला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"माझं नाही ते," तो म्हणाला.

"हाताला बरं ठाऊक होतं, जागा कुठे आहे ती."

सुतार खाली बसला. बराच वेळ लाकडाची एक ढलपी बोटांत फिरवत राहिला. मग एकेक शब्द उपटून काढल्यासारखा बोलू लागला.

स्टूल आईसाठी केलं होतं. आईला उठवेना, म्हणून. लाकूडकाम त्याचं, वेताचं विणकाम धाकट्या बहिणीचं. ती मुंगी. लहानपणापासून तिला सगळे मुंगीच म्हणत, कामाला चिकटली की सोडत नाही म्हणून. स्टूल झालं आणि त्याने फळीवर स्वतःचं नाव मोठं कोरलं, खाली तिचं बारीक. तिथून ठिणगी पडली.

"तीन महिने सांध्यांवर घालवले मी. ती म्हणे कल्पना तिची. आईसमोरच जुंपली आमची. ती म्हणाली, 'एक दिवस तुझं नाव तासून काढीन.' आणि काढलंन! माझ्याबरोबर स्वतःचंही काढलं, मला दोष देता यावा म्हणून. आई गेली त्या दिवशी स्टूल उलटं केलं तर हे असं."

"तिनेच, हे कशावरून?"

त्याने खणातून एक मुठीत मावेल एवढा रंधा काढला. "हा बाबांचा. बाबांच्या मागे आई स्वतःजवळ ठेवायची. तो आईच्या ओट्यावर पडलेला होता. त्या आठवड्यात घरात मुक्काम कुणाचा? तिचा."

"तुम्हीही गेला होतात का?"

"सोमवारी, नळ गळत होता म्हणून. मी स्टुलाला हातही लावला नाही. आई गुरुवारी झोपेतच गेली." त्याने रंधा टेबलावर ठेवला. "बुधवारी फोन आला होता तिचा. म्हणाली, रविवारी ये, आणि येताना पटाशी घेऊन ये. मला वाटलं दार अडकत असेल."

बाईंची नजर भिंतीतल्या फळीवरच्या बाटलीवर गेली. जवसाचं तेल. शेजारी तेच तेल दिलेली एक पाटी उभी होती. त्यांनी बोट फिरवलं. कोरडं, कडक, गुळगुळीत.

"दारावरचं नाव कुणी लिहिलं?"

"आईने. आमच्या प्रत्येक वस्तूवरची अक्षरं ती आखून द्यायची, बाबा कोरायचे. शाळेत सुवाच्य अक्षराचं बक्षीस होतं तिला." त्याच्या तोंडावर जरा हसू आलं, आणि लगेच विझलं. "स्टुलावरचं नाव तेवढं मी तिला न विचारता कोरलं."

५

मुंगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. एका खोलीत वेताच्या भेंडोळ्या छताला लागलेल्या, आणि त्यांच्या मधोमध पाटावर बसून ती एक पाळणा विणत होती. तिने स्टूल पाहिलं आणि पाण्याने भिजलेले हात पदराला पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"कुठे होतं हे?"

"एका माणसाच्या बुडाखाली. खूप जपलंय त्याने."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाईंनी डावी मूठ खाली का ते विचारलं, तेव्हा तिने उत्तर देण्याऐवजी वेताचा एक तुकडा उचलला.

"आईचा डावा कोपर लहानपणी मोडला आणि तसाच जुळला. ना पुरता वाकायचा, ना पुरता सरळ व्हायचा. दोन्ही मुठी सारख्या असत्या तर डाव्या हाताने जोरच लागला नसता. मी दोऱ्याने माप घेतलं तिचं, झोपेत असताना. जागेपणी घेऊ देईना, 'मी काय शिंप्याकडे आलेय?' म्हणायची."

"आणि नाव कुणी तासलं?"

"दादाने." उत्तर तयारच होतं. "रविवारी मी आईच्या केसांना तेल लावून दिलं, तेव्हा ती त्याच स्टुलावर बसली होती. नावं जाग्यावर होती, मी रोज बघायचे, बघून जळायचे. सोमवारी सकाळी मी घरी परत आले आणि दुपारी दादा तिथे गेला. आई गेली तेव्हा बघते तर हे. भांडणात म्हणालाच होता तो, 'मग दोघांचंही नको!'"

"तुमच्याकडे जवसाचं तेल असतं?"

"असतं की. वेताला लावते. का?"

"सहज. आईशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

मुंगीने मान खाली घातली. "बुधवारी. म्हणाली, रविवारी दोघं या, तुमच्या दोघांचं मिळून एक काम आहे माझ्याकडे. मी म्हटलं, दादा येणार असेल तर मी नाही." तिने हातातला वेताचा तुकडा खाली ठेवला. "हेच शेवटचं बोलले मी तिच्याशी. तिने फक्त 'बरं' म्हटलं."

पारखीबाईंनी स्टूल उलटं करून खिडकीपाशी नेलं आणि पेन्सिलीच्या त्या दोन रेघांवरून, मधल्या वर्तुळावरून बोट फिरवलं. मग त्यांनी जी मान डोलावली, ती कोडं सुटलेल्या माणसाची होती.

"उद्या सकाळी दहाला दालनात या."

"दादा येणार आहे का?"

"हो."

मुंगीने पाळण्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली.

६

शुक्रवारी सकाळी दालनात सहा माणसं होती आणि बोलत एकच होता, तो म्हणजे भंगारशेठ. सुतार एका भिंतीला टेकून, मुंगी समोरच्या. शोरूमवाले घड्याळ बघत. व्यवस्थापक घाम पुसत; त्यांच्या एका हातात छापखान्याचा तिसरा निरोप होता. मध्ये दोन स्टुलं शेजारी शेजारी.

"आधी सोपं घेऊ," पारखीबाई म्हणाल्या. "डावी मूठ खाली का? शोरूमवाले म्हणतात, डोळ्याला कंटाळा येऊ नये म्हणून. मुंगी, तू सांग."

मुंगीने सांगितलं. कोपर, दोरा, झोपेत घेतलेलं माप.

"गोष्ट काय, कुणीही रचेल," शोरूमवाले म्हणाले.

"बरोबर आहे. म्हणून लाकडाला विचारू." बाई सुताराकडे वळल्या. "मूठ खाली घेतली तर तुम्हाला काय करावं लागलं?"

सुतार भिंतीपासून हलला नाही, पण बोलला. "भार तिरका येतो. नुसता सांधा चार महिन्यांत ढिला पडेल. म्हणून आत पाचर मारलीय, लपवून. बैठकीच्या खालून बघा, केसाएवढी रेघ दिसेल."

बाईंनी जुनं स्टूल दाखवलं. रेघ होती. नव्या स्टुलावर नव्हती.

"शेठ, तुम्हाला पहिल्या रांगेत बसवते म्हटलं होतं. बसा त्या नव्यावर. आणि उठा."

भंगारशेठ बसला. उठताना त्याने डाव्या मुठीवर भार दिला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्यांदा स्टूल करकरलं. "माझं नाही हो असं बोलत!" तो म्हणाला.

"बाहेरून माप घेता येतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आतली पाचर आणि आतलं कारण मात्र मापात येत नाही."

शोरूमवाल्यांचा मध आटला. "त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं," ते पुटपुटले. "मला वाटलं, कुणाचंच नाही."

"वस्तूला मालक नसतो असं होतं कधी कधी. करणारा नसतो असं कधीच होत नाही."

व्यवस्थापकांनी यादीतल्या एका ओळीवर काट मारली आणि सुटकेचा श्वास टाकला. "झालं तर मग!"

"अजून व्हायचंय," बाई म्हणाल्या. "नाव कुणी तासलं?"

भिंतीपाशी उभ्या असलेल्या दोघांनी चार वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे थेट पाहिलं. ती नजर काही मायेची नव्हती.

"यांना वाटतं तिने, तिला वाटतं यांनी," बाई म्हणाल्या. "पण बघा. तासल्यावर तेलाचा हात दिलाय, म्हणजे रागाने केलेलं काम नव्हे हे. राग आलेला माणूस तासतो आणि फेकून देतो. आणि तेल कुठलं? जवसाचं वाळून कडक होतं. हे चार वर्षांनीही चिकट आहे. दोघांच्या घरी जवसाची बाटली हाताशी असताना कुणी घरगुती तेल का लावेल? ज्याच्या हाताशी केसांचं तेलच होतं, त्याने लावलं."

मुंगीने तोंडावर हात ठेवला.

"आता रंधा. व्यवस्थापक, डावा हात इकडे करा."

व्यवस्थापकांचा जीव पुन्हा वर गेला. बाईंनी त्यांच्या डाव्या कोपराभोवती वर्तमानपत्राची जाड गुंडाळी घट्ट बांधली, कोपर जेमतेम हलेल अशी. मग सुताराकडून मागून घेतलेला, त्याच्या वडिलांचा तो छोटा रंधा त्यांच्या हातात दिला आणि समोर एक फळी ठेवली. "मारा."

व्यवस्थापकांनी जन्मात रंधा धरला नव्हता. पण मुद्दा तो नव्हताच. उजवा हात पुढे लोटत होता आणि डावा त्याला साथ देईना. रंधा चार बोटं सरकायचा आणि अडायचा, उचलायचा, पुढे ठेवायचा, पुन्हा चार बोटं. फळीवर बारीक पायऱ्या उमटत गेल्या.

सुतार भिंतीपासून सुटला. तो जवळ आला, फळीवरून बोट फिरवलं, मग स्टुलाच्या खळग्यावरून.

"आई बाबांच्या हाताखाली रंधा मारायची," तो म्हणाला. "बाबा चिडवायचे तिला, तुझ्या रंध्याला जिना चढायची सवय आहे म्हणून." आणि एवढा आडवा माणूस मटकन खाली बसला. "आईने तासलं? आमची नावं? एवढा राग आला होता तिला?"

"राग नव्हे हो," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल त्याच्यासमोर तिरपं धरलं. "या रेघा बघा. नाव पुसायचं असेल तर माणूस पुसून मोकळा होतो. पुसल्यावर पेन्सिलीने आखून ठेवत नाही. आखतो तो नवं लिहायला. तुम्हाला सांगितलं, पटाशी आण; कोरायचं हत्यार ते. हिला सांगितलं, दोघांचं मिळून काम आहे. तुम्ही मोठं-बारीक केलं होतं, वर-खाली केलं होतं. तिने ओळ एकच आखली. उंची एकच. मध्ये वर्तुळ, तुमच्या कार्यशाळेच्या नावात असतं तसं. एक नाव अलीकडे, एक पलीकडे. रविवारी तुमच्याकडून ते कोरून घ्यायचं होतं तिला. गुरुवार आडवा आला."

मग मुंगी आली आणि दादाच्या शेजारी फरशीवर बसली.

"मी येत नाही म्हणाले होते रे तिला," ती म्हणाली. "तू येणार म्हणून."

"मीही पटाशी बाहेर काढलीच नव्हती, मुंगे," तो म्हणाला.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भुश्याने भरलेला हात, तिचे केस पांढरे झाले, आणि दोघं हसली-रडली. भंगारशेठने मोठ्याने नाक शिंकरलं. शोरूमवाले दाराशी जाऊन परत आले, खाकरले, आणि आपल्या स्टुलावरची पितळी पट्टी स्क्रूड्रायव्हर मागून स्वतःच्या हाताने काढू लागले. "पुढे मागे करायचं झालं तर... तुम्हाला विचारून करीन," ते खाली मान घालून म्हणाले.

"पाचर मारायला मी शिकवीन," सुतार डोळे पुसत म्हणाला. "असं करकरणारं स्टूल आमच्या नावावर नको."

"पण नाव कुठलं आधी?" व्यवस्थापकांनी विचारलं. "छापखाना थांबलाय! डावीकडे कोण, उजवीकडे कोण?"

"तिचं आधी," सुतार म्हणाला.

"दादाचं आधी," मुंगी म्हणाली.

"ऐक माझं, मी मोठा आहे!"

"म्हणूनच तुझं आधी!"

आवाज चढू लागले. पारखीबाईंनी डोळे मिटले. "भांडा," त्या म्हणाल्या. "पण पाच मिनिटांत."

७

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी त्या स्टुलापाशी गर्दी हटेना. लोक बसत, उठत, चकित होत, दुसऱ्याला बसवत. त्यातच एक शाळामास्तरीण आली. उजवा खांदा बांधलेला, चेहरा ओढलेला. ती बसली, उठायला गेली, आणि हताशपणे मान हलवली.

"छान आहे हो. पण माझा डावा हात ठीक आहे, उजवाच वर जात नाही. माझ्या काय कामाचं?"

तिने हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण सुतार गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"हात किती जातो, दाखवा बरं. दुखेल तिथे थांबा. जोर लावू नका."

"दादा, असं नाही," मुंगीने कमरेचा दोरा सोडला. "आधी पाठीपासून माप घ्यायचं. किती वेळा सांगितलं!"

"बरं बाई, घे तू."

तिने दोरा मास्तरणीच्या खांद्यापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत धरला, आणि दादाने कानामागची पेन्सिल काढून हातातल्या ढलपीवर पहिला आकडा लिहिला.